वकीलसाहेबांच्या शिडाला मी पाडलेल्या खिडक्या

चहा हातात घ्या आणि नीट टेकून बसा. स्वतःची फजिती सांगायची तर ऐकणारा आरामात बसलेला बरा, नाहीतर मधेच उठून जातो आणि अर्धीच फजिती गावभर पसरवतो. माझी फजिती पूर्ण पसरावी अशी माझी इच्छा आहे. कारण तिच्यात माझं कौतुकही आहे. ते कुठे आहे, ते तुम्हीच शोधा.

अकोल्यात जठारपेठेत आपलं ताडपत्रीचं दुकान आहे. नववीत मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर घरात दोन मतं आहेत. पण कापड मला कळतं. नुसता अंगठा फिरवून सांगतो, हे किती उन्हाळे काढेल. तेल्हाऱ्याचे कापसाचे ट्रक, बार्शीटाकळीच्या सोयाबीनच्या गंज्या, लग्नाचे मंडप, शेततळ्यांचं अस्तर, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. आमच्या भागात उघड्यावर जे जे काही असतं, ते माझ्या दुकानाच्या भरवशावर झोपतं.

आणि या सगळ्यांचा दुश्मन एकच. वारा.

मे महिन्यात आमच्याकडे वावधान सुटतं तेव्हा पत्रे उडतात, मंडप उडतात, नवरदेवाचा फेटा उडतो. माझं कापड उडत नाही आणि फाटत नाही. का? कारण वाऱ्याशी भांडायचं नसतं, त्याला वाट करून द्यायची असते. चौकातला मोठा फ्लेक्स कधी जवळून पाहा. त्याला अर्ध्या चंद्रासारखे काप दिलेले असतात. वारा आला की झडप उघडते, वारा निघून जातो, झडप मिटते आणि पुढारी पुन्हा हसायला लागतो. ही विद्या अकोल्यात मी आणली असं मी सांगतो. खोटं ठरवायला अजून कोणी आलं नाही.

आता वकीलसाहेबांबद्दल. राहायला अमरावतीला, वय सत्तरीच्या पुढे, पण आवाज असा की अजूनही समोरचा साक्षीदार चपला शोधतो. मोर्शीकडे मोठ्या धरणाच्या काठाला त्यांची संत्र्याची बाग आहे. बागेतल्या शेततळ्याचं अस्तर माझंच. तेव्हापासून आमची दोस्ती. माणूस संत्री पाठवतो, मोजत नाही.

या वकीलसाहेबांना एक शौक. मुंबईला कायद्याचं शिकताना ते शिडाच्या होड्या हाकायला शिकले, शर्यती जिंकले. पुढे तिथल्या एका क्लबनं एक जुनी शर्यतीची होडी मोडीत काढली, ती यांनी ट्रकवर घालून थेट मोर्शीला आणली. ही होडी म्हणजे दोन लांब निमुळते डोंगे, मधे अंतर ठेवून एकमेकांना जोडलेले, आणि त्यांच्यामध्ये बाजेसारखी ताणलेली जाळी. तिच्यावर माणसानं बसायचं. कॅटामरान म्हणतात तिला. ट्रक वाटेत अमरावतीला थांबला तेव्हा लोकांना वाटलं विमान पडलं.

पण होडी जुनी झाली होती. शीड शंभर वेळा धुतलेल्या धोतरासारखं मऊ पडलेलं. तारांना गंज. मागच्या हिवाळ्यात एक तार तुटली, डोलकाठी आडवी झाली आणि वकीलसाहेब पाण्यात. भोई बांधवांनी जाळं टाकायला आणलेल्या नावेतून त्यांना बाहेर काढलं. त्यांना काही झालं नाही, पण त्यांची मुलगी माधवी हिला झालं. माधवी अमरावतीत डॉक्टर आहे. लहानपणापासून मला काका म्हणते. तिनं गोव्याचं एक गिऱ्हाईक गाठलं आणि बापाला सांगितलं, होडी विकायची.

वकीलसाहेबांनी बाजू मांडली. म्हातारी डोलकाठी झाली आहे, मी नाही. डोलकाठी नवी, दोऱ्या नव्या, शीड नवं, सगळं आजच्या शर्यतीच्या होड्यांसारखं करतो, आणि मग तू काठावर उभी राहून स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. माधवीनं एक संधी दिली. एकच. त्या दिवशी तिच्या मनाला धाकधूक वाटली, तर दुसऱ्याच आठवड्यात होडी गोव्याच्या ट्रकवर चढणार.

म्हणजे पाहा, म्हाताऱ्याच्या आयुष्यातला एकुलता एक शौक, आणि तो टांगलेला शिडावर. आणि शीड शिवायला आलं कोणाकडे? मुंबईचे कारागीर म्हणाले, पावसाळ्याआधी जमणार नाही. वकीलसाहेब सरळ जठारपेठेत आले, नव्या कापडाचा गठ्ठा काउंटरवर ठेवला आणि म्हणाले, "शेठ, तुमच्या अस्तरातून माह्या तळ्याचं पाणी एक थेंब गेलं नाई. तुमीच शिवा."

छाती अशी फुगली की गल्ल्याचा खण उघडेना.

वकीलसाहेबांनी सगळं समजावून दिलं. जुनं शीड वर टोकदार होतं, नवं वरून चौकोनी छाटलेलं हवं, कारण उंचावर वारा जास्त. आडव्या पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत घालायच्या, म्हणजे कापड फडफडत नाही. आणि शिवण जराशी गोलाई देऊन घालायची, म्हणजे शिडाला पोट येतं. पोट तर माझ्याकडेही आहे, ते कसं येतं ते मला समजावावं लागत नाही. पोलादी तारांच्या जागी आता तारेपेक्षा मजबूत दोरी आली होती. डोलकाठी इतकी हलकी की मी एका हातानं उचलून पाहिली आणि मग माझ्या बायकोला फोन करून सांगितलं.

काम सुरू झालं. माझे मास्टर गफूरभाई म्हणजे जाड कापडाचे बादशहा. ट्रकची ताडपत्री आणि रुमाल एकाच इज्जतीनं शिवतात. शीड जसजसं आकाराला येत गेलं तसतसा मी जठारपेठेत सांगत सुटलो. रेल्वेचं नाही, धरणाचं नाही, वऱ्हाडात आता समुद्राचं काम होऊन राहिलं आहे! शेजारचा भांड्याचा दुकानदार म्हणाला, मग बंदरही काढा आता. मी म्हटलं, विचार चालू आहे.

शीड पूर्ण होत आलं तेव्हा माधवीचा फोन आला. आवाज हळवा होता. म्हणाली, बाबा काही ऐकत नाहीत, काका, पण वाऱ्यामुळे त्यांना काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही. मी म्हटलं, "बेटा, वाऱ्याचं माह्यावर सोड."

हेच ते वाक्य. इथून पुढे मी घसरत गेलो आणि मला वाटत राहिलं की मी चढतो आहे.

फोन ठेवला आणि विचार केला. तार कशामुळे तुटली? वाऱ्यामुळे. डोलकाठी कशानं पडली? वाऱ्यानं. म्हातारा पाण्यात कोणी टाकला? आणि मुंबईचे शिकलेले कारागीर काय करतात, तर एवढं मोठं कापड वाऱ्यासमोर आडवं उभं करतात आणि त्याला एक काप देत नाहीत. मला त्यांची कीव आली, खरं सांगतो. गफूरभाईंना विचारलं. ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "सेठ, हवा को रास्ता दो, तो हवा सलाम करके जाती है."

झालं. दोन जाणकारांचं एकमत. आम्ही त्या देखण्या शिडाला परातीएवढे डझनभर अर्धचंद्र कापले. नुसते कापले नाहीत, प्रत्येकाच्या काठाला दुहेरी पट्टी घातली, कोपऱ्यांवर टाके दिले. वारा नसला की झडप अशी मिटून बसे की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. असं सुबक काम मी पोरीच्या लग्नाच्या मंडपातही केलं नव्हतं. वकीलसाहेबांना सांगितलं नाही. म्हटलं, आपल्याकडून भेट. आणि खालच्या बाजूला लाल अक्षरात दुकानाचं नाव आणि फोन नंबर टाकला. ती मात्र भेट नव्हती, धंदा होता.

परीक्षेच्या दिवशी मी एकटा गेलो असेन असं वाटतं तुम्हाला? बाजारातल्या मित्रांची एक अख्खी गाडी भरून नेली. बागेत रोडग्यांचा बेत केला. कणकेचे गोळे भाजायला गोवऱ्या पेटवल्या, वांग्याची भाजी चढवली. वकीलसाहेबांच्या सत्काराला शाल आणि नारळ घेतला. माधवी दुर्बीण घेऊन काठावर उभी, चेहरा ऑपरेशनच्या खोलीतून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसासारखा.

सकाळी हवा अगदी पडलेली होती. शीड वर चढलं. काय सांगू, पांढरंशुभ्र, ताठ, वरून चौकोनी, एक सुरकुती नाही. पाण्यात त्याची सावली पडली. माझ्या मित्रांनी टाळ्या वाजवल्या. वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली. कोर्टात ते अशी मान फक्त न्यायाधीशापुढे हलवत. ते एकटेच होडीवर चढले आणि होडी अलगद पाण्यात गेली.

मग वारा आला.

डोंगराकडून येणारी चांगली भरदार झुळूक होती. पाण्यावर शहारा धावत आला, शिडाला लागला, आणि त्या डझनभर झडपांनी एकदम जिभा बाहेर काढल्या. वारा एका बाजूनं आला, सलाम करून दुसऱ्या बाजूनं निघून गेला. होडी जागच्या जागी किंचित डोलली, जणू तिला कोणी पत्ता विचारला आणि तिला तो ठाऊक नव्हता.

मी शेजारच्याला कोपरानं ढोसलं. म्हटलं, "पाहा, डोलकाठी हलली तरी का?"

डोलकाठी हलली नव्हती, हे खरं होतं. होडीही हलली नव्हती. एक बगळा पोहणाऱ्या बदकांकडे पाहत उभा होता, ती बदकं होडीला मागे टाकून पुढे गेली. होडी इतकी स्थिर की काठावरच्या दोन शेतकऱ्यांनी शिडावरचा फोन नंबर सावकाश उतरवून घेतला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. होडीवरून.

"शेठ," वकीलसाहेबांचा आवाज फार शांत होता, "तुमी शिडाले भोकं पाडले का?"

"होय नं साहेब. खास तुमच्यासाठी."

"काहून?"

"वाऱ्यासाठी, साहेब. वारा निघून जाते."

पलीकडून झडपांचा फटफटाट ऐकू आला. मग ते म्हणाले, "शेठ, तो वारा मले पायजे होता."

आता तुम्ही हसाल, आणि हसायलाच पाहिजे. एवढं सोपं आहे. शेंबड्या पोराला कळतं. होडी कशानं चालते? वाऱ्यानं. मलाही ठाऊक होतं. पण ज्यानं सारं आयुष्य वाऱ्याला हाकलण्यात घालवलं, त्याच्या डोक्यात वारा गिऱ्हाईक म्हणून शिरतच नाही. घरात शिरलेल्या कुत्र्यासारखा शिरतो. फोन कानाला तसाच धरून मी उभा राहिलो. समोर पाण्यात म्हाताऱ्याची एकुलती संधी गोल गोल फिरत होती आणि तिच्यावर माझ्या दुकानाचं नाव होतं.

माधवी दुर्बीण खाली करून माझ्याकडे आली. मी ठरवलं, सगळं कबूल करायचं, पाय धरायचे, होडीचं भाडं गोव्यापर्यंत आपण भरायचं.

"काका, ते भोकं तुमी मुद्दाम ठेवले?"

"होय, बेटा."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, मी वाऱ्याचं बोलले आणि तुम्ही ते इतकं मनावर घेतलंत. बाबांच्या वयाला याच वेगाची होडी पाहिजे होती. मला जराही भीती वाटली नाही, होडी राहू द्या.

कबुली माझ्या ओठांवर होती. मी ती गिळली. व्यापारी माणूस आहे हो, आलेला माल परत पाठवायची सवय नाही. म्हटलं, "लेकराच्या शब्दासाठी एवढं तं करावंच लागते."

वकीलसाहेब वल्हं मारत मारत काठाला आले. तोवर रोडगे भाजून, फोडून, तुपात बुडून तयार झाले होते. माधवीनं त्यांना निकाल सांगितला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, शिडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. केस जिंकली होती, आणि कशी जिंकली ते बोलायची सोय नव्हती. दात आवळून म्हणाले, "शेठनं लय डोकं लावलं." माझ्या मित्रांनी तेवढं ऐकलं आणि वकीलसाहेबांसाठी आणलेली शाल माझ्या अंगावर घातली. मी नारळ हातात घेऊन फोटो काढून घेतला. तो अजून दुकानात आहे. वकीलसाहेब त्यात कोपऱ्यात दिसतात, तोंडात रोडगा आणि डोळ्यांत खून.

इथं किस्सा संपला असता तर मी तो तुम्हाला वेगळ्याच तऱ्हेनं सांगितला असता. पण आठवडाभरात बाप-लेक दोघंही दुकानात हजर. वकीलसाहेबांनी मुलीला खरं सांगून टाकलं होतं. म्हणाले, "खोट्या साक्षीवर जिंकलेली केस मले पचत नाई." भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, गफूरभाईंसमोर, त्यांनी सांगितलं की हे शीड शिडाच्या जातीचंच नाही. मी मान खाली घातली. गफूरभाई मशीनमध्ये तेल घालायला वाकले ते वर आलेच नाहीत.

मला वाटलं आता माधवी पेटणार. पण तीही वकिलाचीच पोर. ती म्हणाली, मी एकदा न पाहता घाबरले आणि एकदा न समजता खूश झाले. आता दुसरं शीड करा, जसं हवं तसं, आणि या वेळी काठावरून पाहणार नाही, मी स्वतः होडीवर बसेन. बसून पटलं तर राहील, नाही पटलं तर गोवा. मग माझ्याकडे वळून तिनं गोड आवाजात सांगितलं की काकाही बसतील. ज्यानं शिवलं त्यानं बसायचं.

दुकान भरलेलं. नाही कसं म्हणता?

दुसरं शीड मी असं शिवलं की काय सांगू. या वेळी वकीलसाहेब रोज फोनवर, आणि मी रोज दहा प्रश्न विचारायचो, लाज सोडून. गोलाई किती, कोणत्या पट्टीशी, पोट कुठे जास्त. प्रत्येक शिवण दुहेरी, कोपऱ्यांना तीन-तीन थर. पूर्ण झालं तेव्हा गफूरभाई त्याला हात लावून म्हणाले, यातून आता नजरसुद्धा आरपार जात नाही. आणि ते खिडक्यांचं शीड वाया गेलं असं समजू नका. वकीलसाहेबांच्या बागेत संत्र्यांच्या ढिगावर आहे. सावली राहते, वारा खेळतो, फळ सडत नाही. त्या भागातल्या चार बागायतदारांनी तसंच पांघरूण माझ्याकडून करून नेलं. फजितीला गिऱ्हाईक मिळालं की तिला नवा माल म्हणतात.

तर तो दिवस. मला पोहता येतं का? विहिरीत येतं, विहीर आपली असली तर. तरंगण्याचं जाकीट पोटावर लागेना, म्हणून दोरीनं बांधलं, गठ्ठा बांधतात तसं. वकीलसाहेब सुकाणूला, माधवी एका बाजूला पायाशी औषधाची पेटी ठेवून, मी मधे जाळीवर, दोन्ही हातांनी जाळी धरून.

वारा आला. शीड भरलं. झडप नाही, जीभ नाही, एक आवाज नाही. नुसतं पोट आलं, गोल, भरदार, जसं वकीलसाहेबांनी सांगितलं होतं तसं. आणि होडी सुटली! पाणी दोन्ही डोंग्यांखालून फाडलेल्या कापडासारखं मागे जाऊ लागलं. काठ, झाडं, माझे मित्र, सगळे लहान होत गेले. वकीलसाहेबांचं वय तेवढ्या वेळात निम्म्यावर आलं. आणि मी वर पाहिलं. एक टाका हलला नव्हता. नववी नापास माणसानं शिवलेलं कापड अख्ख्या वाऱ्याला अंगावर घेऊन चाललं होतं.

तेवढ्यात ज्या बाजूला माधवी होती तो डोंगा पाण्यातून वर उठला. वर म्हणजे हवेत. होडी एका डोंग्यावर, कुशीवर झोपल्यासारखी, आणि तशीच पळते आहे. मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते हसत होते. माधवीकडे पाहिलं. ज्या पोरीला सहा महिने झोप नव्हती, ती बाहेर झुकून, केस मोकळे, बापाला ओरडून सांगत होती, अजून घ्या बाबा, अजून वर. होडी वाचली होती. गोव्याचा ट्रक गेला उडत. आता फक्त माझाच प्रश्न उरला होता.

मी डोळे मिटले आणि तिच्या पायाजवळची औषधाची पेटी पायानं तिच्याकडे ढकलली.

"माधवीबाई, त्या पेटीत कैची असंल तं काढ. दोन-तीनच भोकं पाडू. लहान पाडू."

"काका," तिला हसू आवरेना, "शीड तुमीच शिवलं नं? मग भेता काहून?"

"मीच शिवलं, बाई," मी म्हटलं, "म्हनूनच भेव वाटून राहिलं. हे आता काही केल्या फाटत नाई."